एकसष्ट ओळी बदलल्या

क्रांती आली ती सरळ स्वयंपाकघरात गेली, माठातलं पाणी प्यायली, पेला विसळून पालथा घातला आणि मगच बाहेर येऊन बसली. पेले कुठे असतात हे तिला विचारावं लागलं नाही. मला पुण्याहून येऊन दोन महिने झाले होते, तरी त्या सकाळीसुद्धा मी पेल्यासाठी दोन कपाटं उघडली होती.

"श्रुतीताई, आप्पांचा नंबर मंडळाला पाहिजे," ती म्हणाली. "फोन द्या, न्हायतर नुसतं सिम द्या. लई अडलंय."

"नंबर मिळणार नाही," मी म्हटलं.

आई आतून म्हणाली, "अगं, काय अडलंय ते तरी विचार तिला."

आप्पा म्हणजे माझे वडील, बाळासो. दोन महिन्यांपूर्वी ते गेले. तीस वर्षं त्यांनी एका रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून काढली आणि निवृत्त झाल्यावर राजारामपुरीत रक्तदात्यांचं एक मंडळ चालवलं. एक खोली, एक कॉम्प्युटर आणि कामाला क्रांती, मुरगूडच्या एका शेतकऱ्याची मुलगी. तिकडच्या बायकांसारखी स्वतःबद्दल 'येतो', 'जातो' म्हणणारी. सगळे आप्पांना सर म्हणायचे. आप्पा म्हणणारी मी एकटी होते, कारण मला भाऊ नाही, बहीण नाही. क्रांती त्यांना कधीपासून आप्पा म्हणायला लागली हे मला कुणी कळवलं नाही. ते गेले त्या दिवशी ती "आप्पा" म्हणून मोठ्याने रडली आणि बाहेरून आलेल्या दोन बायकांनी आधी तिला जवळ घेतलं. मला मोठ्याने रडू येत नाही.

अडलं होतं ते असं. मंडळाची एक वेबसाइट आहे. रक्त देऊन आलेला दाता तिथे आपला मोबाइल नंबर आणि त्या दिवसाची तारीख भरतो. पुढचे तीन महिने त्याचं नाव यादीत दिसत नाही, कारण तोवर त्याला पुन्हा रक्त देता येत नाही. त्या दिवशी सकाळी एका खासगी रुग्णालयातून मंडळाला फोन आला होता. एक बाळंतीण होती, ओ निगेटिव्ह. रक्तपेढीत एकच पिशवी शिल्लक होती आणि संध्याकाळपर्यंत आणखी दोन लागणार होत्या. क्रांतीने यादी उघडली, तर ओ निगेटिव्हखाली एकही नाव नाही.

"सात जण हाईत आपल्याकडं, मला पाठ हाईत," ती म्हणाली. "तारखा गंडल्यात नुसत्या. मागच्या बाजूनं आत जाऊन नीट कराव्या म्हटलं, तर ओटीपी जातोय आप्पांच्या नंबरला. दोन महिने झालं आतच जाता येईना. त्याचं काय होतंय ताई, आप्पांच्या नंबरला…"

"मी बघते," मी तिला मध्येच तोडलं. "वेबसाइट मी लिहिली आहे, मला ओटीपी लागत नाही. दुरुस्त करून देते. मग तुला नंबरची गरजच पडणार नाही."

"बघा की मग. पण चारच्या आत बघा."

फोन तेव्हा माझ्या पर्समध्येच होता, बंद. दोन महिने तो माझ्याबरोबर या खोलीतून त्या खोलीत फिरत होता. त्याचं मी काय करणार होते हे मला माहीत नव्हतं. तो क्रांतीच्या हातात जाऊ नये, एवढंच माहीत होतं.

मंडळाची खोली आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे, एका कोचिंग क्लासच्या वर आहे. खाली माइकवरून रसायनशास्त्र चालू होतं. खोलीत दोन खुर्च्या होत्या, टेबलाच्या एकाच बाजूला, एकाच पडद्यासमोर. मी डावीकडची ओढली.

"ती माझी," क्रांती म्हणाली. "आप्पांची ती. पण बसा, बसा."

मी आधी काय शोधलं ते सांगायला हवं. मी क्रांतीची चूक शोधली. वेबसाइटवरून डेटाबेसला गेलेल्या प्रत्येक हुकमाची नोंद सर्व्हरवर राहते: कधी गेला, कुणी पाठवला, काय बदलायला सांगितलं आणि किती ओळी बदलल्या; एका दात्याची एक ओळ. मी तिचं नाव घालून गेल्या दोन महिन्यांतल्या नोंदी मागवल्या. एकही नव्हती. ती खरंच आत जाऊ शकली नव्हती. त्याची मला निराशा वाटली.

मग नेहमीच्या रीतीने गेले. डेटाबेसची एक प्रत काढली आणि त्यात खोटे दाते घातले. एकाची तारीख भरली; एक ओळ बदलली. दुसऱ्याची भरली, एक ओळ. ब्राउझर बदलला, क्रांतीच्या मोबाइलवरून भरून पाहिली. दर वेळी एकच ओळ, जशी हवी तशी.

"चालतंय की व्यवस्थित," मी म्हटलं.

"तसं चालतंच. आप्पांच्या नंबरवरचा एक घालून बघा."

मी ऐकू न आल्यासारखं केलं. जोडणी तपासली, सर्व्हरचं घड्याळ तपासलं, तारखेची मांडणी तपासली. त्यात वीस मिनिटं गेली. मग दुसरं काही उरलं नाही, तेव्हा आप्पांचा नंबर घातला. तो मला पाठ आहे. आजची तारीख भरली आणि बटण दाबलं.

बदललेल्या ओळी: ६१.

मी लिहिलेला हुकूम साधा होता. ज्याचा मोबाइल नंबर हा, त्याची शेवटच्या रक्तदानाची तारीख ही कर. एका माणसाला एक नंबर असतो असं धरून मी तो लिहिला होता. आप्पांच्या नंबरावर एकसष्ट माणसं होती. त्यांतल्या एकाने रक्त दिलं की सगळ्या एकसष्टांनी आजच रक्त दिलं असं डेटाबेसने मानलं आणि सगळे तीन महिन्यांसाठी यादीतून गेले. दोन महिन्यांत त्यांतल्या चौघांनी रक्त दिलं होतं, म्हणजे चार वेळा सगळे पुसले गेले होते.

"एकसष्ट जण? एका नंबरावर?"

"बासष्ट होती. एकजण गावाकडं गेला कायमचा, त्याचं नाव आप्पांनीच काढलं." क्रांतीने बोटं दुमडत सांगायला घेतलं. "इचलकरंजीची माग चालवणारी हाईत बरीच. ती गावी जाऊन आली की सिम बदलत्यात. आणि मागाच्या खडखडाटात फोन वाजला तरी कुणाला ऐकू येतोय? शिबिरात फॉर्म भरताना नंबरपाशी येऊन अडायची. आप्पा म्हणायचे, माझा घाल, निरोप मी देतो. मग बायका हाईत. घरातनं नंबर द्यायला परवानगी न्हाय अशा. मी पण त्यातलीच. आमचे दादा म्हणले, पोरीचा नंबर इंटरनेटवर कशाला? आप्पा म्हणले, मग माझा घाल की."

ती सांगत असताना मी यादीत माझं नाव शोधलं. सापडलं. शेवटचं रक्तदान २०१७. पुढे माझा पुण्याचा नंबर, मी स्वतः भरलेला. आप्पांच्या नंबरावर एकसष्ट माणसं होती आणि त्यांत मी नव्हते.

माझ्या मूळ लिखाणात एक नंबर दोनदा घालता येतच नव्हता. मग ही अट कुणी काढली? जुने बदल चाळले. २०१८, मार्च, दुपारी एक वाजून दहा मिनिटं. बदल करणाऱ्याचं नाव, श्रुती. मला आठवलं. जेवणाच्या सुट्टीत आप्पांचा फोन आला होता. "एका नंबरावर दोघं-चौघं चालतील असं करता येईल का गं?" मी डबा खाता खाता अट काढली होती, पाच मिनिटांत. कशासाठी, हे विचारलं नव्हतं. त्याच नंबरावर विसंबलेला दुसरा हुकूम तसाच राहिला होता.

तरीही एक गोष्ट जुळत नव्हती. हा घोटाळा सहा-सात वर्षं जुना होता, मग मंडळ इतकी वर्षं चाललं कसं? मी नोंदींत मागे गेले. २०२२ मधली एक दुपार. तीन वाजून चार मिनिटांनी बदललेल्या ओळी एकसष्ट. त्यानंतर तीन वाजून अकरा मिनिटांनी एक. तेरा मिनिटांनी एक. चौदा मिनिटांनी एक. असं साडेचारपर्यंत, एकेका दात्याच्या पानावर जाऊन, साठ वेळा एकेक ओळ. पाठवणारी, क्रांती. आणखी मागे तसंच आणि आणखी पुढेही तसंच. अशा दुपारी मी मोजल्या. त्रेचाळीस भरल्या.

"हे काय आहे?"

क्रांतीने खणातून एक लांबोडकी वही काढली. आत आप्पांचं अक्षर, नावं आणि खऱ्या तारखा; शेवटच्या दोन महिन्यांच्या तेवढ्या क्रांतीच्या अक्षरात. "एकाची घातली की बाकीच्यांची परत लावायला लागायची ना. आप्पा वाचायचे, मी घालायचो."

"मला का नाही सांगितलं? दहा मिनिटांचं काम होतं हे."

"मी म्हटलं होतं, ताईंना फोन करूया. दोनदा म्हटलं. आप्पा म्हणले, ऱ्हाऊ दे गं, ह्या निमित्तानं सगळी माणसं एकदा नजरेखालनं जात्यात. मधेच थांबायचे वाचता वाचता. ह्याचं लग्न ठरलं का, त्याच्या आईच्या डोळ्याचं काय झालं, असं. मग मी चहा सांगायचो. दीड तास कसा जायचा कळायचंसुदिक न्हाय."

'ती कामात असते, तिला त्रास नको' असं ते म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं. निदान त्यात मी असते. त्या दीड तासात मी कुठेच नव्हते. माझी चूक दुरुस्त होऊ नये असं त्यांना वाटत होतं, आणि ते क्रांतीजवळ बसायला मिळावं म्हणून. मी असा विचार केला आणि तो खोडूनही काढला नाही.

हुकूम मी बदलला. प्रत्येक दात्याला डेटाबेसमध्ये स्वतःचा एक क्रमांक असतो. अट नंबरावरून त्या क्रमांकावर आणली. एका नंबरावर अनेक जण असले तर पान आधी नाव विचारेल असं केलं. आप्पांचा नंबर पुन्हा घातला, एक नाव निवडलं, बटण दाबलं. बदललेल्या ओळी: १. लिहून तपासून पस्तीस मिनिटं लागली. दहा नव्हे.

मग तारखा. त्या एकदम उलट फिरवता येत नव्हत्या, खऱ्या तारखा फक्त वहीत होत्या. क्रांती वाचू लागली आणि मी घालू लागले.

"पुढं तानाबाई. ह्या बाई म्हणजे काय सांगू, सुईला भ्यायच्या, आप्पा त्यांना…"

"फक्त तारीख सांग."

"सोळा फेब्रुवारी."

ती नुसत्या तारखा सांगत गेली, एका सुरात, शाळेत पाढे म्हणावेत तशी. वीसेक नावं तशी झाली. मग एका नावापुढे आप्पांनी पेन्सिलीने बारीक फूल काढलेलं मला दिसलं आणि माझ्याच्याने राहवलं नाही.

"हे कशासाठी?"

"हे होय? मुलगी झाली त्याला. ज्यांना मुलगी झाली त्यांना फूल."

मी पुढचं नाव विचारलं. क्रांतीनेही वहीवरून मान वर केली नाही.

पावणेतीनला ओ निगेटिव्हखाली चार नावं आली. उरलेल्या तिघांनी गेल्याच महिन्यात खरोखर रक्त दिलं होतं.

"झालं," मी म्हटलं. "आता नंबरची गरज नाही ना?"

क्रांतीने पडदा माझ्याकडे वळवला. चारही नावांपुढे एकच नंबर होता.

"ह्यांना फोन कुठं लावू, ताई?"

मी हुकूम दुरुस्त केला होता. माणसं होती तिथेच होती, आप्पांच्या पाठीमागे. कुणाला कुठून बोलवायचं हे आप्पांना माहीत होतं आणि आता या मुलीला. तिने आपल्या फोनवरून सुरुवात केली. पहिल्याला ताप होता. दुसरा गावी गेला होता. संयोगिता नावाच्या एका शिक्षिकेचा निरोप तिने शाळेच्या शिपायाकडे दिला आणि पाच मिनिटांत उलट निरोप आला की ती निघते आहे. एक पिशवी झाली. उरला सूरज, इचलकरंजीत मागावर. त्याच्या कारखान्यातला जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, हंबीरराव; त्याला तिने फोन लावला. पलीकडून मागांचा आवाज खोलीभर झाला. तीही तितक्याच मोठ्याने बोलली.

"हंबीरमामा, मी सरांची मुलगी बोलतोय! व्हय, सरांची मुलगी! सूरज हाय का पाळीला? चहाला सोडलं की त्याला सरांच्या नंबरला फोन लावायला सांगा. व्हय, त्याच नंबरला. दुसरा कुठला त्याला पाठ हाय? आणि मामा, तुमचं वय बसत न्हाय, तुम्ही येऊ नका, नुसता निरोप द्या!" ती हसली. पलीकडचाही हसला असावा.

तिने फोन ठेवला. मी तिच्याकडे बघत होते.

"सरांची मुलगी?"

तिचा चेहरा उतरला. "तसं न्हाय म्हटलं तर कापत्यात ओ फोन. कोण बाई हाय, कुठली हाय, म्हणून. आप्पांनीच सांगितलेलं, असं म्हणत जा."

"कधीपासून?"

"झाली असतील चार वर्सं."

चार वर्षं इचलकरंजीच्या कारखान्यांत सरांची मुलगी म्हणून एक आवाज ओळखीचा होता आणि तो माझा नव्हता. मी तिथे जाऊन 'मी सरांची मुलगी' म्हटलं असतं, तर कुणाला पटलं नसतं.

पण सूरजचा फोन त्याच नंबराला येणार होता. मी पर्समधून आप्पांचा फोन काढला, तिच्या चार्जरला लावला आणि सुरू केला. त्याने पिन मागितला. या दोन महिन्यांत मी माझा वाढदिवस घालून पाहिला होता, मग आईचा, मग त्यांच्या लग्नाची तारीख. क्रांतीने हात लांब करून सहा आकडे दाबले आणि फोन उघडला.

"काय आहे पिन?"

"चौदा दहा छप्पन्न."

धम्मदीक्षेचा दिवस. दर वर्षी त्या दिवशी आप्पा मला सकाळी सहाला फोन करायचे. मला तो सुचायला हवा होता. मला पहिला माझा वाढदिवस सुचला.

फोन थरथरू लागला, दोन महिन्यांचे निरोप एकामागून एक येऊ लागले. क्रांती अंगठ्याने ते वर सरकवत नावं वाचत होती, सवयीने, घाई न करता. तो अंगठा मला बघवेना. मी फोन तिच्या हातातून घेतला, टेबलावरची टाचणी घेतली आणि सिम बाहेर काढलं.

"हे घे. नंबर मी माझ्या नावावर करून घेईन, वापर तू. फोन माझ्याकडे राहील."

"बरं, ताई."

"आणि एक. फोन उचललास की सरांची मुलगी म्हणायचं नाही. क्रांती म्हणायचं."

"कोण क्रांती म्हटलं तर?"

"मंडळातली."

तिने सिम तळहातावर घेतलं. मग म्हणाली, "तुमचं खरं हाय. कुणाचं नाव घेऊन फिरायचं म्हणजे…" तिने वाक्य सोडून दिलं. त्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. तिने सिम आपल्या फोनमध्ये घातलं आणि फोन दोघींच्या मध्ये टेबलावर ठेवला.

साडेतीनला तो वाजला. तिने लगेच उचलला. मागांचा खडखडाट.

"हॅलो, सूरजभय्या? क्रांती बोल रही हूँ. क्रांती. मंडल से. रक्तदान का मंडल. नहीं, नहीं, क्रांती! अरे, मंडल…"

तिने फोन कानापासून दूर धरला. "कापला."

"परत लाव."

तिने दोनदा लावला. वाजत राहिला. "फोन हंबीरमामांचा हाय. मागाजवळ ऱ्हायला असंल, ऐकू येत नसंल त्यांना. चहाची सुट्टी दहा मिनिटंच असत्या, ताई." तिने घड्याळ पाहिलं नाही. माझ्याकडेही पाहिलं नाही. बाळंतिणीच्या नातेवाइकांचा नंबर लिहिलेला कागद तिने टेबलावर सरळ केला, उगीचच.

खाली मास्तर माइकवरून कुणाला तरी उभं राहायला सांगत होते.

फोन पुन्हा वाजला. तिने हात पुढे केला आणि तसाच थांबवला. दुसऱ्यांदा वाजला. आता ती माझ्याकडे बघत होती. तिसऱ्यांदा वाजला.

"सांग," मी म्हटलं.

मी आप्पांचा फोन पर्समध्ये टाकला आणि जिन्याकडे गेले, ते ऐकावं लागू नये म्हणून. पण मुरगूडचा गळा तो, आणि तिला मागांच्या वर बोलायचं होतं. अर्ध्या जिन्यात मला सगळं स्वच्छ ऐकू आलं.

"हां, बेटी! सर की बेटी! वही, वही! कितने बजे निकलोगे? पाँच? चालेल की!"

मी उरलेल्या पायऱ्या उतरले.